फुल्या तीन, मतदार एक

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. सोलापूर आणि भोवतालच्या तालुक्यांतल्या ज्या घरांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्या फोनवर निकालाचे तक्ते येऊन पडतात आणि पाठोपाठ आमच्याकडे पत्रं येतात. या वेळचे प्रश्न डिस्ट्रिक्ट कौन्सिल या तिकडच्या खालच्या पायरीवरच्या स्थानिक संस्थेच्या निकालाबद्दलचे आहेत.

प्रश्न : मुलीने तिच्या वॉर्डाच्या निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला. सगळ्या उमेदवारांची मतं मिळवली तर मतदान केलेल्या लोकांच्या जवळजवळ तिप्पट भरतात. हा उघड घोटाळा नाही का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

घोटाळा नाही, आणि तुमची बेरीजही चुकलेली नाही. तो वॉर्ड तीन जागांचा असणार. तिकडे वॉर्डात एक, दोन किंवा तीन जागा असतात आणि सगळ्या एकाच दिवशी भरायच्या असतील तर जितक्या जागा तितक्या उमेदवारांपुढे फुल्या मारण्याचा, म्हणजे तितकी मतं देण्याचा, हक्क प्रत्येक मतदाराला असतो.

आपल्या महापालिकेच्या प्रभागपद्धतीची सवय असल्यामुळे इथे गफलत होते. सोलापुरात २०१७ ला २६ प्रभाग आणि १०२ जागा होत्या. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. पण आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या काढलेल्या असतात. 'अ'चा उमेदवार 'ब'च्या उमेदवाराशी लढत नाही, आणि आरक्षणही त्या अक्षरांवर बसतं. इंग्लंडात आरक्षण नाही, अक्षरंही नाहीत. एकच मतपत्रिका, तिच्यावर सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षरक्रमाने. त्यांतले सर्वांत जास्त मतांचे पहिले तीन निवडून आले. म्हणजे एकाच पक्षाचे तिघं प्रचाराला एकत्र हिंडतात, पण मोजणीत एकमेकांचेच प्रतिस्पर्धी असतात.

कागद कसा वाचायचा ते एका कल्पित वॉर्डावर दाखवतो. मतदार ६,०००. दिल्या गेलेल्या मतपत्रिका २,१००, त्यातल्या पूर्ण बाद १५. 'क' पक्षाच्या तिघांना ९५०, ९०५ आणि ८७० मतं. 'ख' पक्षाच्या तिघांना ८९०, ८४० आणि ८१५. एक अपक्ष, त्याला ७२०.

निवडून कोण? ९५०, ९०५ आणि ८९०. 'क'चे दोन, 'ख'चा एक.

आता चुका कुठे होतात ते बघा. मतांची बेरीज ५,९९० येते. तिला ६,००० ने भागून 'नव्व्याण्णव टक्के मतदान' असं सांगणारे भेटतात. खरं मतदान म्हणजे मतपत्रिका भागिले मतदार : २,१०० भागिले ६,०००, ३५ टक्के.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती छापूनही येते. पक्षाची टक्केवारी काढताना तिघांची मतं मिळवली तर 'क'ला ४५.५, 'ख'ला ४२.५ आणि अपक्षाला जेमतेम १२ टक्के. अपक्ष किस झाडकी पत्ती असं वाटतं. पण त्याचा उमेदवारच एक होता. त्याला कुणी तीन फुल्या देणार कुठून? म्हणून अभ्यासक बहुधा प्रत्येक पक्षाचा सर्वाधिक मतांचा एकच उमेदवार धरतात. तसं केलं की ९५०, ८९० आणि ७२० मिळून २,५६०, आणि टक्के होतात ३७.१, ३४.८ आणि २८.१. तोच वॉर्ड, तीच मतं. अपक्ष बारावरून अठ्ठावीसवर. त्यामुळे टक्केवारी दिसली की ती कुठल्या रीतीने काढली हे आधी विचारायचं. ते लिहिलेलं नसेल तर टक्के बाजूला ठेवा आणि जागा बघा.

एक गंमत आणखी निघते. २,०८५ वैध मतपत्रिकांवर जास्तीत जास्त ६,२५५ फुल्या बसल्या असत्या, पडल्या ५,९९०. म्हणजे २६५ फुल्या कुणी मारल्याच नाहीत. त्या सगळ्या अपक्षाच्या मतदारांनी सोडल्या असं धरलं तरी त्याच्या ७२० पैकी निदान ४५५ जणांनी पुढच्या दोन्ही फुल्या पक्षवाल्यांना दिल्या. हा माणूस पक्षविरोधी लाटेवर नव्हे, गल्लीतल्या ओळखीवर चालला, असं आम्ही म्हणू. कार्यकर्ते मात्र अशा उमेदवारासाठी कानात सांगतात : एकच फुली मारा, बाकीच्या दोन सोडून द्या. कारण दुसरी फुली तुमच्याच माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला वर चढवते.

प्रश्न : डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषदच ना? (बार्शी)

शब्दाला शब्द लावला तर तसं होतं आणि तिथेच घसरायला होतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळ जाते ती काउंटी कौन्सिल : शाळा, रस्ते, वृद्ध-अपंगांची देखभाल, ग्रंथालयं तिच्याकडे. डिस्ट्रिक्ट ही तिच्या खालची पायरी. घरोघरचा कचरा उचलणं, बांधकामाच्या परवानग्या, घरांचा प्रश्न, हॉटेल-दुकानांची आरोग्य तपासणी, परवाने ही तिची कामं. पंचायत समितीचा आकार आणि नगरपालिकेची कामं असं समजा. घंटागाडी डिस्ट्रिक्टची, पण गोळा केलेल्या कचऱ्याची विल्हेवाट काउंटीची! घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स डिस्ट्रिक्टच वसूल करते, मात्र त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. बिलावर नाव डिस्ट्रिक्टचं असल्यामुळे शिव्याही तिलाच.

ही दोन पायऱ्यांची रचना १९७२ च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल १९७४ पासून चालू झाली. सगळीकडे ती नाही. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लेस्टर इथे एकच कौन्सिल सगळं बघते. तेव्हा तुमची मुलं राहतात त्या गावाला डिस्ट्रिक्ट आहे का, हे आधी त्यांना विचारा.

प्रश्न : मी निवडणूक ड्युटी पुष्कळ केली. मतदानयंत्र नाही, एका कागदावर तीन फुल्या आणि त्याही वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांपुढे. हातांनी मोजतात तरी कसे? (निवृत्त शिक्षक, मोहोळ)

प्रश्न ड्युटी केलेल्याचाच आहे.

मतदान सकाळी ७ ते रात्री १०. पेट्या आल्या की लगेच मतं मोजत नाहीत, आधी पडताळणी. पेटी उलटी करून फक्त कागद मोजायचे आणि केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या हिशेबाशी जुळवायचे. एखाद-दुसऱ्या कागदाचा फरक आला तर पुन्हा मोजणी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं : कुणी मतपत्रिका घेतली आणि पेटीत न टाकता खिशात घालून गेला, किंवा दोन घड्या एकमेकींत अडकल्या. हिशेब जुळला की एका पेटीतले कागद दुसऱ्या पेटीच्या आणि टपालाने आलेल्या मतांच्या कागदांत मिसळतात. त्यामुळे कुठल्या केंद्रावर कुणाला किती, हे अधिकृतपणे कधीच जाहीर होत नाही. आपल्याकडे बूथवार आकडे हातात पडतात आणि 'आमच्या बूथवर लीड का तुटलं' यावर वर्षभर चर्चा चालते. तिकडच्या कार्यकर्त्यांना ते सुख नाही. म्हणून पडताळणी चालू असताना पक्षांचे प्रतिनिधी टेबलापलीकडून मान लांब करून, दिसतील तेवढ्या फुल्या आपल्या वहीत टिपतात. ते आकडे अंदाजाचेच.

मग खरी मोजणी. आधी गठ्ठे पाडतात. ज्याने तिन्ही फुल्या एकाच पक्षाच्या तिघांना दिल्या, ते कागद एका बाजूला. हे सोपे, शंभरचा गठ्ठा म्हणजे तिघांना शंभर-शंभर. उरतात ते मिश्र कागद, आणि रात्र लांबते ती त्यांच्यामुळे.

मिश्र कागदांसाठी दोन रीती आहेत. पहिलीत एक जण नावं वाचतो, दुसरा तक्त्यावर उभ्या रेघा ओढतो. ही सोपी, पण वाचणारा थकला की चुकतो, आणि चूक झाली तर ती शोधायला परत पहिल्या कागदापासून सुरुवात. दुसरी रीत बघण्यासारखी आहे. एका लांब तक्त्याच्या कडेला उमेदवारांची नावं ओळीने छापलेली असतात. मतपत्रिका त्या तक्त्यावर एकीवर एक अशा सरकवून लावतात की प्रत्येकीची फक्त फुल्यांची कड उघडी राहते. सगळ्या लावल्या की एकेका उमेदवाराच्या फुल्या एका आडव्या ओळीत येतात. बोट सरकवत मोजायचं. कागदांच्या त्या लोंबत्या कडांमुळे तिकडे या तक्त्याला 'ग्रास स्कर्ट' म्हणतात, गवताचा घागरा. फायदा हा की पडताळा तिथल्या तिथे होतो. तक्त्यावर २५ कागद असतील तर जागा तीन म्हणून ७५. सगळ्या ओळींची बेरीज आणि न मारलेल्या फुल्या मिळून ७५ आलेच पाहिजेत. नाही आले तर चूक याच तक्त्यावर आहे, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

बाद कधी? अधिकृत खूण नसेल, कागद कोरा असेल किंवा मत कुणाला ते कळतच नसेल, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं असेल, किंवा हक्कापेक्षा जास्त फुल्या असतील. तीन जागा आणि चार फुल्या म्हणजे आख्खा कागद गेला, कारण चारांतली कुठली खोडायची हे अधिकाऱ्याने ठरवायचं नसतं. उलट दोन फुल्या स्पष्ट आणि तिसरी दोन चौकटींच्या रेघेवर असेल तर दोन धरतात, फक्त तिसरी सोडतात. फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी इरादा स्पष्ट असेल तर मत चालतं. निकालाच्या कागदाच्या तळाशी ही बाद मतं कारणांनुसार लिहिलेली असतात. 'हक्कापेक्षा जास्त फुल्या' हा आकडा मोठा दिसला तर मतपत्रिकेवरची सूचना लोकांना कळली नाही असं समजा.

प्रश्न : समान मतं पडली तर? (पंढरपूर)

आपल्यासारखीच चिठ्ठी. कायदा एवढंच म्हणतो की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दैवावर सोडावं आणि ज्याच्या बाजूने दैव लागेल त्याला एक मत जास्त पडलं असं धरावं. चिठ्ठी, नाणं की आणखी काही, ते त्याने ठरवायचं.

२०१७ च्या मे महिन्यात नॉर्थम्बरलंडमध्ये साउथ ब्लिथ वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडली. फेरमोजणीनंतरही तेच. शेवटी काड्या ओढल्या, लांब आणि आखूड. त्यात काँझर्व्हेटिव्ह उमेदवार हरला आणि पक्ष ६७ पैकी ३३ जागांवर थांबला. बहुमताला ३४ लागतात. एका काडीने सगळ्या कौन्सिलचं बहुमत गेलं. (नॉर्थम्बरलंड ही एकथरी कौन्सिल आहे, डिस्ट्रिक्ट नाही, नियम मात्र तोच.) त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्येही चिठ्ठीवरच निकाल लागला होता.

प्रश्न : तक्त्यात कौन्सिलच्या नावापुढे 'एनओसी' लिहिलेलं असतं. कसली ना हरकत? (होटगी रस्ता)

महापालिकेत खेटे घातलेल्या माणसाला दुसरं काही सुचणार नाही, पण इथे एनओसी म्हणजे 'नो ओव्हरऑल कंट्रोल' : कुणालाच स्पष्ट बहुमत नाही. 'होल्ड' म्हणजे जागा राखली, 'गेन' म्हणजे दुसऱ्याकडून घेतली. यातली मेख अशी की तुलना बहुतेक ठिकाणी मागच्या सार्वत्रिक निवडणुकीशी करतात. मधल्या पोटनिवडणुकीत जागा गेलेली असेल तर आधीच हातातून गेलेली जागा 'राखली' म्हणून छापली जाते. वॉर्डांच्या हद्दी बदलल्या असतील तर तुलनेला अर्थच उरत नाही.

एनओसी म्हणजे सत्ता कुणाचीच नाही असं मात्र नाही. मतदानानंतर चौथ्या दिवशी नवे सदस्य पदावर येतात, मग काही दिवसांत वार्षिक सभा होते आणि तिच्यात नेता निवडतात. त्या मधल्या दिवसांत बैठका, आघाड्या, अपक्षांची मनधरणी हे सगळं आपल्यासारखंच. समसमान मतं पडली तर सभाध्यक्षाला निर्णायक मत असतं, त्यामुळे सभाध्यक्ष कुणाचा यावर नेत्यापेक्षा जास्त खल झालेला दिसतो.

आपल्या वाचकाला सर्वांत नवल वाटेल ते पक्षांतराचं. महाराष्ट्रात १९८६ च्या कायद्याने नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य पक्ष सोडून गेला तर अपात्र ठरू शकतो. इंग्लंडात असं काही नाही. सदस्य सकाळी पक्ष सोडतो, दुपारी दुसऱ्या बाकावर बसतो, जागा शाबूत. निकालाच्या दिवशीचं संख्याबळ वर्षभराने तसंच असेल हे म्हणून धरून चालू नये. सहा महिने एकाही बैठकीला गेला नाही आणि कौन्सिलने ते मंजूर केलेलं नसेल, तर मात्र जागा जाते.

निकाल स्वच्छ कसा दिसतो याचं उदाहरण पूर्व इंग्लंडातली मिड सफक डिस्ट्रिक्ट. जागा ३४, सगळ्या चार वर्षांनी एकदम. २०१९ ला ग्रीन पक्षाला १२ मिळाल्या होत्या. ४ मे २०२३ ला २४ मिळाल्या, आणि इंग्लंडमध्ये ग्रीन पक्षाच्या स्पष्ट बहुमताची ती पहिली कौन्सिल ठरली. इथे एनओसी नाही, चिठ्ठी नाही, कुणाच्या मनधरणीची गरज नाही.

प्रश्न : पक्षाने त्या दिवशीच्या बहुतेक जागा जिंकल्या, तरी कौन्सिल दुसऱ्याचीच राहिली. असं कसं? (सात रस्ता)

कारण त्या दिवशी सगळ्या जागांची निवडणूकच नव्हती. काही कौन्सिल दर वर्षी एक तृतीयांश जागा भरतात आणि चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक असते. केंब्रिज तसं : १४ वॉर्ड, ४२ जागा, वॉर्डातली एकेक जागा एकेका वर्षी. ऑक्सफर्डमध्ये २४ वॉर्डांच्या ४८ जागा दोन वर्षांनी निम्म्या-निम्म्या. अशा ठिकाणी मतदाराला त्या दिवशी एकच फुली, म्हणून वरची बेरजेची भानगडही नाही. कौन्सिल फिरवायला मात्र दोन-तीन निवडणुका ओळीने जिंकाव्या लागतात.

याच कारणाने बीबीसी निकालानंतर एक देशपातळीचा अंदाज काढते : सगळ्या ब्रिटनमध्ये मतदान झालं असतं तर कुणाला किती टक्के. २०२३ ला तो लेबर ३५, काँझर्व्हेटिव्ह २६, लिबरल डेमोक्रॅट २० असा होता. हे टक्के प्रत्यक्ष पडलेल्या मतांचे नव्हेत, ठरावीक वॉर्डांवरून काढलेले असतात.

प्रश्न : एका उमेदवाराला फक्त ४१ मतं. डिपॉझिट जप्त? (अक्कलकोट)

डिपॉझिट नसतंच. एक सूचक, एक अनुमोदक, झालं. म्हणून पक्ष जिंकायची आशा नसलेल्या वॉर्डातही नाव टाकून ठेवतात. तो माणूस प्रचाराला एकदाही फिरकलेला नसतो.

प्रश्न : मागच्या निवडणुकीला होती ती डिस्ट्रिक्ट यादीत सापडत नाही. (मंगळवेढा)

बरखास्त झाली असेल. १ एप्रिल २०२३ ला सॉमरसेट, नॉर्थ यॉर्कशायर आणि कंब्रिया इथल्या सगळ्या डिस्ट्रिक्ट मोडल्या. सॉमरसेट आणि नॉर्थ यॉर्कशायरला एकेक कौन्सिल आली, कंब्रियाचे दोन तुकडे झाले. त्यानंतर इंग्लंडभर १६४ डिस्ट्रिक्ट उरल्या. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने दुथरी रचना सगळीकडेच मोडायचं ठरवलं, आणि त्या तयारीसाठी मे २०२५ च्या काही ठिकाणच्या निवडणुका पुढे ढकलल्या. जुना निकाल शोधायचा असेल तर जुन्या डिस्ट्रिक्टच्या नावानेच शोधा. नव्या कौन्सिलचे वॉर्ड त्याच नावाचे असले तरी हद्द तीच असेल असं नाही.

प्रश्न : मुलगा एमएससीला गेलाय, विद्यार्थी व्हिसावर. पासपोर्ट भारताचा. तो तिथे मत देऊ शकतो असं त्याचा मित्र म्हणतो. खरं का? (विजापूर रस्ता)

खरं आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, वय १८ पूर्ण असेल तर, कौन्सिलच्याच नव्हे तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे. नाव मात्र आपोआप लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठीचा तिकडचा क्रमांक) मागतात, तो अजून मिळाला नसेल तर तसं लिहायचं, मग कौन्सिल दुसरी कागदपत्रं मागते. मुदत मतदानाआधी १२ कामाचे दिवस. मेमधल्या मतदानासाठी ती साधारण एप्रिलच्या मध्याला संपते, कारण शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरत नाहीत. इथेच बहुतेक विद्यार्थी हुकतात. दुसरं हुकण्याचं कारण खोली बदलणं : नव्या पत्त्यावर नव्याने नोंदणी करावी लागते.

मे २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर चालतो. आधार, भारतीय लायसन्स किंवा कॉलेजचं कार्ड दाखवून उपयोग नाही. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कुठे जमा असेल तर मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं; त्याचा अर्ज मतदानाआधीच्या सहाव्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. टपालाने मत द्यायचं असेल तर अकराव्या कामाच्या दिवशी ५ पर्यंत अर्ज करायचा. टपालाच्या मतासोबतच्या कागदावर जन्मतारीख आणि सही अर्जातल्यासारखीच हवी. तिथे सवयीने आजची तारीख लिहिली की मत बाद.

उभं राहायचं मनात असेल तर ते जमणार नाही. त्यासाठी कायम राहण्याचा परवाना लागतो, तो विद्यार्थी व्हिसावर नसतो.

निकाल तुम्हाला कधी दिसेल? मतदान संपतं तेव्हा सोलापुरात शुक्रवारी पहाटेचे अडीच वाजलेले असतात. काही कौन्सिल रात्रीच मोजतात, पुष्कळशा शुक्रवारी दिवसा, थोड्या शनिवारी. मुलाच्या कौन्सिलचं वेळापत्रक तिच्या संकेतस्थळावर आधीच लागलेलं असतं; ते बघून मगच गजर लावा.